रॅम वाढवण्यावर पैसे घालावेत का? खर्चापूर्वी करावयाची तपासणी

संगणक मंद चालू लागला की बेळगावच्या कोणत्याही दुकानात पहिला सल्ला ठरलेला असतो : रॅम वाढवून घ्या. हा सल्ला बहुतेक वेळा प्रामाणिकपणे दिलेला असतो आणि पुष्कळदा तो बरोबरही निघतो. परंतु मंदपणाची कारणे चार-पाच असतात, रॅम कमी पडणे हे त्यांपैकी केवळ एक असते आणि उरलेली कारणे तशीच राहिली तर कितीही रॅम बसवली तरी फरक पडत नाही. खानापुरात ऑनलाइन अर्ज भरून देणारे, शहापूर-वडगाव भागात लग्नपत्रिका छापणारे, उद्यमबागेतील कारखान्यांत ड्रॉइंग करणारे आणि विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या महाविद्यालयांत शिकणारे विद्यार्थी, या सर्वांची गरज वेगवेगळी आहे. म्हणून शेजाऱ्याने किती रॅम घातली हे विचारण्यापेक्षा आपल्याच संगणकावर, आपल्याच कामाच्या गर्दीच्या वेळी मोजमाप करावे आणि मगच पैशाचा विचार करावा. ही सर्व तपासणी घरी बसून, एकही पैसा न देता करता येते.

रॅम नेमके काय करते हे थोडक्यात समजून घेतले की पुढचे सोपे जाते. कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकासमोर गादीवर उलगडलेले तागे म्हणजे रॅम आणि माळ्यावर रचून ठेवलेला माल म्हणजे हार्ड डिस्क. गादी अपुरी पडली की एक तागा माळ्यावर चढवून दुसरा खाली आणावा लागतो. विंडोज हेच काम डिस्कवरील ‘पेज फाइल’ नावाच्या जागेत करते, आणि त्या चढ-उतारात आपला वेळ जातो. संगणक बंद केला की रॅममधील सर्व काही पुसले जाते, त्यामुळे रॅम वाढवल्याने फोटो किंवा फायली साठवण्याची जागा वाढत नाही. नवख्या माणसाचा येथे नेहमी गोंधळ होतो, कारण दोन्हींची मोजणी जीबीमध्येच होते.

पहिली पायरी : गर्दीच्या वेळी मोजणे

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील ‘परफॉर्मन्स’ या विभागात ‘मेमरी’वर क्लिक करावे. मोजमाप सकाळी संगणक नुकताच सुरू केलेला असताना करू नये. रोज ज्या वेळी तो रखडतो, त्याच वेळी आणि नेहमीचे सर्व प्रोग्राम उघडे ठेवून करावे.

तेथे ‘इन यूज’, ‘अव्हेलेबल’, ‘कमिटेड’ आणि ‘कॅश्ड’ असे आकडे दिसतात. बहुतेक जण ‘इन यूज’ पाहून घाबरतात, परंतु केवळ त्या आकड्यावरून काही ठरत नाही. रिकामी पडलेली रॅम वाया जाऊ नये म्हणून विंडोज स्वतःच तिचा एक भाग नुकत्याच वापरलेल्या गोष्टी हाताशी ठेवण्यासाठी वापरते आणि गरज पडताच तो मोकळाही करते; हा भाग ‘कॅश्ड’मध्ये दिसतो आणि ‘अव्हेलेबल’मध्येच धरलेला असतो. खरा उपयोगी आकडा ‘अव्हेलेबल’ हा आहे. त्याच्या जोडीला ‘कमिटेड’ पाहावा. तेथे दोन संख्या तिरक्या रेषेने जोडलेल्या असतात : पहिली म्हणजे सर्व प्रोग्रामांनी मिळून मागून घेतलेली मेमरी आणि दुसरी म्हणजे रॅम व पेज फाइल मिळून उपलब्ध असलेली कमाल मर्यादा.

एक उदाहरण जवळून पाहू. लग्नसराईत पत्रिका करणाऱ्या दुकानात ८ जीबी रॅमचा संगणक आहे. कोरलड्रॉमध्ये नवरा-नवरीच्या मोठ्या फोटोंसह मराठी पत्रिका उघडी आहे, दुसऱ्या फाइलमध्ये त्याच घरची कन्नड पत्रिका आहे, फोटोशॉपमध्ये फोटोची पार्श्वभूमी कापणे चालू आहे, ब्राउझरमध्ये व्हॉट्सअ‍ॅप उघडे आहे आणि मधूनच कोणी आले म्हणून सेवा सिंधूचे, म्हणजे कर्नाटक सरकारच्या ऑनलाइन सेवांचे, पानही उघडलेले आहे. अशा वेळी ‘इन यूज’ ७.४ जीबी, ‘अव्हेलेबल’ ४०० एमबीच्या आसपास आणि ‘कमिटेड’ची पहिली संख्या ११ जीबीच्या पुढे दिसत असेल, आणि एका फाइलवरून दुसरीवर जाताना डिस्कचा वापर शंभर टक्क्यांना भिडत असेल, तर रॅम कमी पडते आहे याविषयी शंकेस जागा उरत नाही. येथे केलेला खर्च पहिल्याच दिवशी जाणवेल.

आता याच दुकानाच्या शेजारी झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचे दुकान आहे असे धरा. तेथेही ८ जीबी रॅम आहे आणि तक्रारही तीच आहे, परंतु गर्दीच्या वेळी ‘अव्हेलेबल’ २ जीबीहून अधिक दिसते आणि तरीही डिस्क शंभर टक्क्यांवर अडकलेली असते. या संगणकाला रॅमची भूक नाही; त्याची डिस्कच मंद आहे. आणि ज्या संगणकात रॅमही मोकळी आहे, डिस्कही शांत आहे, पण ‘सीपीयू’चा आलेख सतत वर टेकलेला आहे, तेथे प्रोसेसर अपुरा पडतो आहे किंवा एखादा प्रोग्राम बिघडलेला आहे.

अधिक खात्री हवी असेल तर टास्क मॅनेजरमधूनच रिसोर्स मॉनिटर उघडता येतो. त्याच्या मेमरी विभागात ‘हार्ड फॉल्ट्स’चा आलेख असतो. प्रोग्राम उघडताना तो क्षणभर उसळतो, ते स्वाभाविक आहे. पण नेहमीचे काम चालू असताना तो सतत शेकड्यांत राहत असेल, तर विंडोजला हवी असलेली माहिती पुन्हापुन्हा डिस्कवरून आणावी लागते आहे, असा त्याचा अर्थ होतो.

पावसाळ्यातील एक वेगळी तक्रार येथेच बाजूला काढतो. खानापूर, लोंढा, कणकुंबी या पट्ट्यात पावसाच्या महिन्यांत हवा इतकी दमट असते की कॅबिनेटमधील संपर्कबिंदूंवर थर धरतो आणि सकाळी संगणक सुरूच होत नाही. नुसत्या शिट्ट्या देतो किंवा पडदा काळा ठेवतो. अशा वेळी दुरुस्ती करणारा रॅमची पट्टी काढतो, तिच्या कडेचे सोनेरी दात साध्या खोडरबराने हलकेच घासतो, भुसा झटकून पट्टी पुन्हा बसवतो आणि संगणक चालू होतो. हा संपर्काचा दोष आहे, रॅम कमी असण्याचा नव्हे. त्यासाठी नवी पट्टी घेण्याचे कारण नाही.

दुसरी पायरी : फुकटचे उपाय आधी

टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ विभागात संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी असते. त्यातील अनावश्यक प्रोग्राम बंद करावेत. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालू असतील तर एक काढून टाकावा. क्रोममध्ये ‘मेमरी सेव्हर’ आणि एजमध्ये ‘स्लीपिंग टॅब्ज’ ही सोय असते, ती चालू ठेवावी. यानंतर पुन्हा मोजमाप करावे. ‘रॅम मोकळी करून देतो’ असे सांगणारे छोटे प्रोग्राम मात्र घालू नयेत. ते आकडा चांगला दाखवतात, पण प्रोग्रामांची हाताशी असलेली माहिती डिस्कवर ढकलून प्रत्यक्षात काम लांबवतात.

तिसरी पायरी : रॅम की एसएसडी

जुन्या संगणकात फिरती हार्ड डिस्क असेल आणि हातात एकाच वस्तूपुरते पैसे असतील, तर माझे मत बहुतेक वेळा एसएसडीच्या, म्हणजे चिपांवर माहिती साठवणाऱ्या डिस्कच्या, बाजूने पडते. फिरत्या डिस्कचा सलग वाचण्याचा वेग सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी असतो, तर साध्या साटा एसएसडीचा ५०० एमबीच्या वर जातो. परंतु खरा फरक त्याहून मोठा आहे, कारण विंडोजचे काम सलग वाचनाचे नसून हजारो छोट्या तुकड्यांचे असते. प्रत्येक तुकड्यासाठी फिरत्या डिस्कच्या सुईला जागा शोधत हलावे लागते, तर एसएसडीत हलणारा भागच नसतो. त्यामुळे संगणक सुरू होणे, टॅली उघडणे, फाइल शोधणे ही सर्व कामे एसएसडीने सुधारतात. रॅमने यातील फार थोडी सुधारतात.

याला दोन अपवाद आहेत. संगणकात केवळ ४ जीबी रॅम असेल तर आजच्या विंडोजमध्ये ब्राउझरची चार पाने उघडताच ती संपते, म्हणून तेथे ८ जीबी करणे हे एसएसडीइतकेच निकडीचे ठरते. आणि पत्रिकेच्या दुकानातल्यासारखे मोठ्या फायलींचे काम असेल, तर एसएसडीमुळे चढ-उतार जलद होईल पण थांबणार नाही. शिवाय पेज फाइलवर सतत लिहिणे एसएसडीच्या आयुष्याच्या दृष्टीनेही बरे नाही.

किती रॅम पुरेशी, याचा ढोबळ अंदाज असा धरता येईल. पत्रव्यवहार, टॅली, ऑनलाइन अर्ज आणि युनिकोड किंवा नुडी या कन्नड सॉफ्टवेअरमधील टंकलेखन यांना ८ जीबी पुरते. फोटोशॉपला किमान ८ जीबी लागते आणि १६ जीबी किंवा अधिक असावी अशी तिच्या निर्मात्यांचीच शिफारस आहे. अँड्रॉइड स्टुडिओ किंवा एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणारे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने १६ जीबी धरूनच चालावे. ३२ जीबीचा विचार मोठी त्रिमितीय ड्रॉइंग किंवा व्हिडिओचे संपादन असेल तरच करावा. केवळ हप्ता परवडतो म्हणून तेथवर जाण्यात अर्थ नाही, कारण न वापरलेल्या रॅमने संगणक जलद होत नाही.

चौथी पायरी : आपला संगणक काय स्वीकारतो

बाजारात जाऊन परत फिरण्याची वेळ बहुधा येथेच येते. टास्क मॅनेजरच्या त्याच मेमरी पानावर ‘स्पीड’, ‘स्लॉट्स यूज्ड’ आणि ‘फॉर्म फॅक्टर’ हे दिसते. ‘२ पैकी १’ असे दिसले तर एक खाच रिकामी आहे. ‘२ पैकी २’ दिसले तर जुनी पट्टी काढल्याशिवाय नवी बसणार नाही आणि खर्चाचे गणित बदलेल. सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम प्रत्येक खाचेतील पट्टीचा प्रकार आणि क्षमता स्वतंत्रपणे दाखवतो.

रॅमच्या पिढ्या एकमेकींत बसत नाहीत. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या पट्ट्यांवरील कापलेली खूण वेगवेगळ्या जागी असते, आणि पट्टी चुकीच्या ठिकाणी दाबून बसवण्याचा प्रयत्न केल्यास ती किंवा मुख्य बोर्ड (मदरबोर्ड) मोडतो. लॅपटॉपच्या पट्ट्या आखूड असतात, म्हणून त्या कॅबिनेटच्या संगणकात चालत नाहीत. विजेच्या दाबाचाही प्रश्न असतो : साधी डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते, तर डीडीआर३एल १.३५ व्होल्टवर, आणि इंटेलच्या चौथ्या पिढीच्या पुष्कळ लॅपटॉपना डीडीआर३एलच लागते. वेगवेगळ्या वेगाच्या दोन पट्ट्या एकत्र बसवल्या तर दोन्ही मंद पट्टीच्या वेगाने चालतात. हे चालण्यासारखे आहे, मात्र महागडी वेगवान पट्टी जुनीच्या जोडीला घेणे फुकट जाते.

फार जुन्या बोर्डांच्या बाबतीत विशेष जपावे. जी४१ जातीचे बोर्ड अजूनही काही दुकानांत कामावर आहेत. त्यांना ४ जीबीची डीडीआर३ पट्टी चालते ती दोन्ही बाजूंना मिळून सोळा चिपा असलेली, आठ चिपांची नव्हे. स्वस्तात मिळणाऱ्या ८ जीबीच्या काही डीडीआर३ पट्ट्या केवळ एएमडीच्या बोर्डांवर चालतात. इंटेलच्या बोर्डावर त्या बसतात, पण संगणक सुरू होत नाही.

विंडोज ३२ बिटची असेल तर तिला ४ जीबीच्या पुढची रॅम वापरताच येत नाही, म्हणून आधी ‘सिस्टिम’च्या पानावर ६४ बिट असे लिहिलेले आहे का, ते पाहावे. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच डाग देऊन बसवलेली असते. तेथे वाढवण्याचा प्रश्नच निकाली निघतो. काहींत ८ जीबी बोर्डवर आणि एक खाच मोकळी अशी रचना असते. लॅपटॉपचे नेमके मॉडेल उत्पादकाच्या संकेतस्थळावर शोधून कमाल मर्यादा वाचावी.

पाचवी पायरी : पैशाचा हिशेब

रॅमचे दर स्थिर नसतात. २०२५ च्या उत्तरार्धापासून ते झपाट्याने चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि सॅमसंग, एसके हायनिक्स व मायक्रॉन या तीन मोठ्या उत्पादकांचा ओढा तिकडे गेला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला ‘क्रूशिअल’ हा किरकोळ ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी भावाने किंवा मित्राने दिलेली किंमत मनात धरून बाजारात जाऊ नये. त्याच आठवड्यात दोन-तीन दुकानांत दर विचारावा.

हिशेब करण्याची माझी पद्धत साधी आहे. समजा, पट्टी आणि बसवणावळ मिळून ६,००० रुपये लागतात आणि संगणक आणखी दोन वर्षे वापरायचा आहे. म्हणजे महिन्याला २५० रुपये. समोरच्या बाजूला वाचणारा वेळ ठेवावा : रोज वीस मिनिटे रखडण्यात जात असतील आणि महिन्याला पंचवीस दिवस काम असेल, तर आठ तासांहून अधिक वेळ वाचतो. पत्रिकेच्या दुकानाला हा सौदा कोणत्याही हिशेबाने परवडतो. घरी आठवड्यातून दोनदा मुलांचा अभ्यास आणि वीजबिल भरणे एवढ्यासाठी संगणक लागत असेल, तर तेच ६,००० रुपये वाचवावेत.

या हिशेबात ‘आणखी दोन वर्षे’ हे गृहीत मात्र तपासून घ्यावे लागते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून घरगुती ग्राहकांसाठीची वाढीव सुरक्षा-सुधारणांची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम पुरते असे कागदावर असले तरी तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे डीडीआर३ वापरणारे जवळजवळ सर्व संगणक अधिकृतरीत्या त्या रेषेच्या अलीकडे राहतात. ज्या संगणकावर लोकांचे आधार क्रमांक आणि बँकेचे तपशील हाताळले जातात, तो असुरक्षित विंडोजवर चालवणे योग्य नाही. म्हणून डीडीआर३ च्या संगणकात नवी पट्टी घालण्याऐवजी ती रक्कम पुढच्या संगणकासाठी बाजूला ठेवावी, असे मी सुचवेन. वापरलेली पट्टी स्वस्तात मिळत असेल तर गोष्ट वेगळी. रॅम वापराने झिजत नाही, त्यामुळे सेकंडहँड रॅम घेण्यात सेकंडहँड हार्ड डिस्कइतका धोका नसतो. लिनक्स घालून जुना संगणक चालवता येतो आणि त्यात मराठी व कन्नड दोन्ही युनिकोडमध्ये उत्तम लिहिता येते, परंतु टॅली, नुडी किंवा श्रीलिपीवर पोट असलेल्याने त्या वाटेला जाण्यापूर्वी विचार करावा.

सहावी पायरी : खरेदी, बसवणे आणि चाचणी

निपाणी-चिकोडीकडच्या माणसाला कोल्हापूर जवळ पडते, चंदगडचा माणूस बाजाराला बेळगावात येतो. सीमेच्या अलीकडे-पलीकडे खरेदी करणे आपल्याकडे रोजचेच आहे. घरगुती ग्राहकाला त्याने फरक पडत नाही. जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानदाराने मात्र बिल होण्यापूर्वीच आपला क्रमांक द्यावा. बिलावर आयजीएसटी (आंतरराज्य जीएसटी) लागला असेल तर त्याची वजावट मिळू शकते, परंतु महाराष्ट्राचा राज्य जीएसटी लावून बिल झाले तर त्याची वजावट कर्नाटकातील नोंदणीवर मिळत नाही. संगणकाच्या सुट्या भागांवर कर १८ टक्के असल्याने ही रक्कम अगदीच किरकोळ नसते. परगावच्या खरेदीत हमीसाठी पट्टी स्वतः घेऊन जावे लागेल का, हेही विचारून घ्यावे.

शक्य असेल तर संगणकच दुकानात न्यावा आणि भाव पक्का करण्यापूर्वी ‘एकदा बसवून दाखवा’ असे म्हणावे. ओळखीचा दुकानदार नाही म्हणत नाही. बिलावर पट्टीचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. दोन खाचा असतील तर एका मोठ्या पट्टीपेक्षा सारख्या क्षमतेच्या दोन पट्ट्या अधिक वेगाने काम करतात, विशेषतः स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात.

स्वतः बसवायचे असल्यास संगणक बंद करून वायर भिंतीतून काढावी आणि सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज घालवावी. लॅपटॉपमध्ये बॅटरीची जोडणी सोडवावी. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच पट्टी कडेने धरावी, सोनेरी दातांना बोट लावू नये. कॅबिनेटच्या संगणकात खाचेच्या कडेचे चाप बाहेर ढकलून, पट्टीवरील खूण खाचेतील उंचवट्याशी जुळवून दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा. चाप ‘टक्’ असा आवाज करून स्वतःहून आत येतात. लॅपटॉपमध्ये पट्टी तिरकी आत सरकवून मग खाली दाबतात. पहिल्यांदा सुरू होताना नवे संगणक, विशेषतः डीडीआर५ चे, काही वेळ काळा पडदा दाखवतात. घाबरून लगेच बंद करू नये.

सुरू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये एकूण रॅम पूर्ण दिसते का ते पाहावे. त्यातील काही भाग ‘हार्डवेअर रिझर्व्हड’ म्हणून ग्राफिक्सकडे गेलेला असतो, तो दोष नव्हे. त्यानंतर रात्री काम संपल्यावर विंडोजचे ‘मेमरी डायग्नॉस्टिक’ किंवा मेमटेस्ट८६ लावून ठेवावे. यूपीएस असेल तर त्यावरच, कारण वीज गेली की चाचणी अर्धवट राहते. सकाळी एकही चूक दाखवली गेली, तर पट्टी दुकानात परत न्यावी. ‘चालेल तशी’ म्हणून ठेवू नये, कारण सदोष रॅम संगणक बंद पाडण्याआधी फायली बिघडवते. चाचणी निर्दोष निघाली की गर्दीच्या वेळी पहिल्या पायरीचे मोजमाप पुन्हा करावे आणि ‘अव्हेलेबल’चा आकडा आधीच्या आकड्याशी ताडून पाहावा. काढलेली जुनी पट्टी कागदात गुंडाळून नव्या पट्टीच्या हमीची मुदत संपेपर्यंत सांभाळून ठेवावी. नवी पट्टी बिघडली तर ती बदलून मिळेपर्यंत संगणक जुन्या पट्टीवरच चालवावा लागतो.